नव्या मरीन टाकीचं पाणी पांढरं, पिवळं, हिरवं: चार उपायांची पारख

मरीन टाकी (खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) नवी लावली की पहिल्या दीड-दोन महिन्यांत पाण्याचा रंग एकदा तरी बिघडतोच. त्यावर उपाय म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू मुख्यतः चार: दाणेदार ॲक्टिव्हेटेड कार्बन, सीकेम कंपनीचं प्युरिजेन, पाणी नितळ करणारी क्लॅरिफायरची बाटली आणि यूव्ही स्टरिलायझर (अतिनील दिव्याजवळून पाणी नेणारं यंत्र). चारही वस्तू आपापल्या जागी कामाच्या आहेत. पण प्रत्येक वस्तू ठरावीक बिघाडावरच चालते, इतरांवर तिचा काडीचाही उपयोग नसतो. पांढऱ्या पाण्यावर कार्बन घातला किंवा पिवळ्या पाण्यावर यूव्ही लावला तर पैसे जातात, रंग तिथेच राहतो. म्हणून वस्तूंकडे वळण्याआधी निदान, आणि त्याला लागतो फक्त काचेचा पेला.

टाकीच्या मधल्या उंचीवरून पेलाभर पाणी घ्या, पांढऱ्या कागदावर ठेवा. शेजारी ताज्या कालवलेल्या, नितळ खाऱ्या पाण्याचा दुसरा पेला ठेवा. पाचेक मिनिटांत पहिला पेला खालून वर स्वच्छ होत गेला तर ते गढूळ पाणी नव्हतंच, ते बारीक बुडबुडे होते. नवा स्किमर (हवेच्या फेसाने घाण काढणारं यंत्र) पहिले काही दिवस असे बुडबुडे सोडतो. रिटर्न पंपाच्या (गाळलेलं पाणी टाकीत परत ढकलणाऱ्या) डब्यातली पातळी खाली गेली तरी पंप हवा ओढतो. पातळी वाढवा, स्किमरच्या आउटलेटवर स्पंज लावा, प्रश्न मिटला. रात्रभरात तळाशी पांढरा थर बसला आणि वरचं पाणी स्वच्छ झालं तर धूळ किंवा कार्बोनेटचा साका (पाण्यातूनच घट्ट होऊन पडलेला चुन्यासारखा गाळ). सकाळीही पेला तसाच धुरकट असेल तर जिवाणूंचा उद्रेक. पाणी आरपार दिसतं पण कागदावर पिवळट छटा पडते, तर विरघळलेले सेंद्रिय पदार्थ. हिरवी छटा असेल तर तरंगतं सूक्ष्म शैवाल.

पांढऱ्या गढूळपणाला आणखी एक चाचणी द्या. २०० मिली पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून ढवळा. दोन-चार मिनिटांत पाणी स्वच्छ झालं तर कण कार्बोनेटचे आहेत. जिवाणूंचा ढग व्हिनेगरने हलत नाही. ॲरागोनाइट (चुनखडीच्या जातीच्या) वाळूची धूळही कार्बोनेटच असल्यामुळे धूळ की साका हे मात्र व्हिनेगर सांगू शकत नाही, ते अल्कलिनिटीचा (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता मोजणारा) टेस्ट किट सांगतो. मीठ कालवल्यावर ९ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) असलेली अल्कलिनिटी आता ७ वर आली असेल तर साका. जागच्या जागी असेल तर धूळ.

क्लॅरिफायर: फक्त धुळीसाठी

पहिल्या दिवशीचं पांढरं पाणी बहुतेक वेळा वाळूच्या धुळीचं असतं. कोरडी ॲरागोनाइट वाळू न धुता टाकीत ओतली, किंवा धुतलेल्या वाळूवरही पाणी उंचावरून सोडलं, की हे होणारच. कोरडी वाळू एका वेळी चार-पाच किलो बादलीत घेऊन, हाताने खालवर करत, पाणी जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत धुवावी. ओली, पिशवीत सीलबंद येणारी लाइव्ह सँड मात्र धुवायची नसते. त्यातले जिवाणू तुम्हाला हवे आहेत. पाणी भरताना वाळूवर ताट ठेवून त्यावर धार सोडा.

आता बाटली. हिच्यात धनभारित पॉलिमर असतं. धुळीच्या कणांवर ऋणभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. पॉलिमर त्यांना बांधून मोठे पुंजके करतं आणि मग ते फिल्टर फ्लॉसमध्ये (कापसासारख्या गाळणीत) अडकतात किंवा तळाला बसतात. धुळीवर हे काम चांगलं होतं, काही तासांत फरक दिसतो. कॅरिबसीच्या ॲराग-अलाइव्ह वाळूच्या पिशवीबरोबर अशी एक पुडी येतेच, तेव्हा ती वाळू घेतली असेल तर वेगळी बाटली कशाला?

मात्रेच्या बाबतीत फार सांभाळायला हवं. पॉलिमर जास्त झालं तर कण उलट्या भाराने झाकले जातात, पुन्हा एकमेकांना ढकलतात आणि गढूळपणा घट्ट बसतो. "एका मात्रेने गेलं नाही म्हणून दुसरी" हा मार्ग इथे उलटा पडतो. मात्रा मोजताना टाकीचं नुसतं माप धरू नका. खडक आणि वाळू १५ ते २० टक्के जागा खातात, तेवढं पाणी वजा करा. २०० लिटरच्या टाकीत खरं पाणी साधारण १६० ते १७० लिटर. लेबलवरच्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करावी. स्किमर बंद ठेवावा, नाहीतर कप भरून वाहू लागतो. पृष्ठभाग हलता राहील असा पंप किंवा एअरस्टोन चालू हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्या दिवशी फ्लॉस काढून टाका. तो तसाच राहिला तर पुंजके प्रवाहाने फुटून परत टाकीत येतात.

तरीही या बाटलीची शिफारस करताना हात आखडतो. ताज्या फ्लॉसचा जाड थर, वाळूकडे रोखलेला वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारा पंप) वर वळवणं आणि दोन-तीन दिवस वाट पाहणं, एवढ्यावर तीच धूळ निघून जाते. टाकीत मासे किंवा कोरल असतील तर बाटली टाळावीच. रिकाम्या टाकीत, पहिल्या आठवड्यात, एकदा वापरायला हरकत नाही.

ॲक्टिव्हेटेड कार्बन: चारांतला पहिला मान

पिवळ्या पाण्यावर कार्बनला तोड नाही. शैवाल आणि मेलेले जीव कुजताना, खाद्य विरघळताना जे रंगीत सेंद्रिय पदार्थ पाण्यात उतरतात ते कार्बनच्या सूक्ष्म छिद्रांत धरले जातात. कोरड्या खडकाने लावलेल्या टाक्यांत हे फार दिसतं. त्या खडकात वाळलेले स्पंज आणि इतर जीव असतात, पाण्यात पडल्यावर ते पुन्हा कुजू लागतात. टाकीच्या समोरून पाहिलं तर पाणी ठीक वाटतं, पण लांबीच्या बाजूने आरपार पाहिलं की पिवळेपणा कळतो.

कोणता कार्बन घ्यावा? मरीनसाठी ॲसिडने धुतलेला, कमी राखेचा, कठीण दाण्याचा. राख जास्त असलेला कार्बन पीएच वर ढकलतो, आणि स्वस्त कार्बन फॉस्फेट सोडतो. नवीन टाकीत फॉस्फेट म्हणजे शैवालाला आमंत्रण. पुडी उघडल्यावर चमचाभर कार्बन पेलाभर आरओडीआय (क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्यात तासभर ठेवून त्या पाण्याची फॉस्फेट चाचणी करा. आकडा ठळक आला तर तो कार्बन टाकीत घालू नका. मऊ लिग्नाइट कार्बन हातात घासला की लगेच काळी भुकटी सुटते, तो नको. सर्जनफिशवर झालेल्या प्रयोगांत अशा कार्बनच्या बारीक धुळीशी डोक्यावरची आणि लॅटरल लाइनची (माशाच्या कुशीवरच्या संवेदनरेषेची) त्वचा झिजण्याचा संबंध दिसला आहे. त्यामुळे "पाणी स्वच्छ तर करतोय ना" म्हणून कोणताही काळा दाणा चालवून घेऊ नये.

मात्रा: साधा दाणेदार कार्बन १०० लिटरला सुमारे १०० ते १२० मिली, मापाच्या भांड्याने मोजून. बारीक, दाट पेलेट प्रकारचा असेल तर त्याच्या निम्मा. आरओ पाण्यात, धुण्याचं पाणी काळं यायचं थांबेपर्यंत खळबळून धुवा. न धुता घातला तर पिवळ्याऐवजी राखाडी पाणी मिळेल.

ठेवण्याची जागा हा भाग सगळ्यात जास्त चुकतो. संपच्या (फिल्टरच्या वेगळ्या टाकीच्या) एका कोपऱ्यात पिशवी टाकून दिली तर पाणी तिच्या बाजूने निघून जातं, कार्बनमधून नाही. पिशवी अशा खाच्यात बसवा जिथे पाण्याला दुसरी वाट नसेल, आणि ती सैल भरा. दर तीन-चार दिवसांनी पाण्यात हलवून घ्या, कारण तिच्यावर गाळ बसतो. रिॲक्टर (दाण्यांतून पाणी ढकलणारी नळी) असेल तर प्रवाह एवढाच ठेवा की वरच्या थरातले दाणे जरा हलतील. दाणे उसळू लागले तर ते एकमेकांवर घासून भुकटी होते.

कार्बन बरोबर बसला असेल तर २४ ते ४८ तासांत फरक दिसतो. तीन दिवसांत काहीच बदल नाही, तर एक तर रंग सेंद्रिय नाही किंवा पाण्यात तो जितका येतोय तितका कार्बन ओढू शकत नाही. अशा वेळी मूळ शोधा: खडकामागे मेलेली गोगलगाय, कुजणारं मॅक्रोअल्गी (मोठं शैवाल), खडकाच्या भेगेतला काळा पडलेला स्पंज. वरून घालायचं पाणीही तपासा. पांढऱ्या बादलीत आरओडीआयचं पाणी भरून खोलवर पाहा. मेम्ब्रेन किंवा डीआय (उरलेले क्षार धरणारं रेझिन) संपला असेल आणि मूळ नळाचंच पाणी रंगीत असेल तर टाकीत रोज थोडा थोडा रंग तुम्हीच घालताय. टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) ० दाखवायला हवा.

टाकीत आधीच कोरल असतील तर सावकाश घ्या. पिवळं पाणी निळा प्रकाश शोषून घेतं. ते एका रात्रीत स्वच्छ झालं की कोरलवर पडणारा प्रकाश अचानक वाढतो आणि ते पांढरे पडू शकतात. पहिल्या वेळी निम्मी मात्रा, चार-पाच दिवसांनी उरलेली, आणि आठवडाभर दिवे २० ते ३० टक्के कमी.

नवीन पिवळ्या टाकीत पहिला कार्बन १० ते १४ दिवसांत बदला, नंतर तीन-चार आठवड्यांनी. उकळून किंवा ओव्हनमध्ये तापवून तो पुन्हा चालू होत नाही. धरलेले पदार्थ सोडवायला कित्येक शे अंशांची भट्टी लागते. औषध द्यायचं असेल तेव्हा मात्र काढून ठेवा, नाहीतर तो औषधच खातो.

कार्बन जे करत नाही तेही लक्षात असू द्या: अमोनिया, नायट्रेट, धूळ आणि जिवाणू यांपैकी कशावरही तो उपाय नाही.

प्युरिजेन

हे कार्बन नाही, कृत्रिम पॉलिमरचे बारीक, फिकट मणी आहेत. काम कार्बनच्या जवळचं, सेंद्रिय पदार्थ धरण्याचं. कंपनीच्या मापाने १०० मिली प्युरिजेन ४०० लिटरला पुरतं. मोठा फायदा असा की मणी पांढऱ्यापासून तपकिरी आणि मग गडद होत जातात, त्यामुळे बदलायची वेळ डोळ्यांना दिसते. कार्बनला ही सोय नाही.

दुसरा फायदा पुन्हा वापरता येण्याचा. साधं, सुगंध नसलेलं ब्लीच आणि पाणी समप्रमाणात घेऊन धातूच्या नसलेल्या भांड्यात २४ तास भिजवा. हवेशीर जागा हवी, मुलांच्या हाताबाहेर. मग भरपूर धुऊन, डीक्लोरिनेटर जास्त प्रमाणात घातलेल्या पाण्यात ८ तास ठेवा. क्लोरीनचा वास राहिला असेल तर ते टाकीत जाऊ देऊ नका, पुन्हा डीक्लोरिनेटर. हे पथ्य पाळायचा कंटाळा असेल तर प्युरिजेन घेऊ नये. अर्धवट धुतलेली एक पिशवी नवी टाकी मारायला पुरते.

तक्रारी दोन. मणी एवढे बारीक की साध्या मीडिया बॅगमधून सटकतात, अगदी बारीक जाळीचीच पिशवी हवी, आणि तिची शिवण ब्लीचमध्ये टिकणारी. दुसरी, माशांच्या अंगावर चिकट थर वाढवणारी जी वॉटर कंडिशनर येतात ती या मण्यांना कायमची चिकटू शकतात, मग ब्लीचनेही ते उजळत नाहीत. नवीन मरीन टाकीच्या पहिल्या पिवळ्या पाण्यावर आधी कार्बन घ्या. टाकी मुरली, मासे वाढले की प्युरिजेनचा पैसा वसूल होतो.

यूव्ही: धुरकट आणि हिरव्या पाण्याचा इलाज

टाकी लावून तीन ते दहा दिवसांत, आदल्या रात्री स्वच्छ असलेलं पाणी सकाळी धुरकट पांढरं दिसतं. हे जिवाणू सायकल करणारे (अमोनिया पचवून टाकी माशांसाठी तयार करणारे) नव्हेत. अमोनिया खाणारे जिवाणू सावकाश वाढतात आणि खडक-वाळूला चिकटून राहतात. पाण्यात तरंगून ढग करणारे जिवाणू सेंद्रिय खाद्यावर जगतात आणि फार झपाट्याने वाढतात. त्यांना खाद्य मिळतं ते कोरड्या खडकातल्या मेलेल्या अवशेषांतून, सायकलसाठी टाकलेल्या कोळंबीतून, जास्त खाद्यातून, किंवा व्होडका-व्हिनेगरसारख्या कार्बन डोसिंगमधून (हा वरचा ॲक्टिव्हेटेड कार्बन नव्हे, जिवाणूंसाठी मुद्दाम घातलेलं खाद्य). नवीन टाकीत कार्बन डोसिंग करूच नये.

इथे सौंदर्याचा प्रश्न दुय्यम आहे, खरा धोका ऑक्सिजनचा. २५ अंशांना ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग क्षार) खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन जेमतेम ६.७ मिलिग्रॅम प्रति लिटर मावतो, गोड्या पाण्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने कमी. त्यात जिवाणूंचा ढग आला की रात्री मासे पृष्ठभागाला येऊन हापतात. मासे असतील तर पहिलं काम कोणतीही खरेदी नाही: स्किमरमध्ये भरपूर हवा, पंप पृष्ठभागाकडे, एअरस्टोन रात्रभर, खाद्य एक-दोन दिवस बंद. अमोनिया तपासा, कारण दोन्ही संकटं अनेकदा जोडीने येतात. टाकी रिकामी असेल तर काहीच करू नका. खाद्य संपलं की ढग तीन ते सात दिवसांत आपोआप विरतो.

फ्लॉस किंवा फिल्टर सॉक इथे निरुपयोगी आहे. साधी सॉक १०० किंवा २०० मायक्रॉनची, जिवाणू एक मायक्रॉनच्या आसपास. पाणी बदललं तर उरलेले पुन्हा वाढतात. यूव्ही मात्र दोन-तीन दिवसांत लख्ख फरक दाखवतो, कारण तो तरंगणाऱ्या पेशीच मारतो आणि खडकावर चिकटलेल्या उपयोगी जिवाणूंना हात लावत नाही.

यूव्ही घेताना वॅट पाहून भुलू नये. कंपनीच्या तक्त्यात शैवाल-जिवाणूंसाठी एक प्रवाह आणि परजीवींसाठी त्याहून बराच कमी प्रवाह दिलेला असतो. तुमच्या पंपाचा खरा प्रवाह, पाइपातल्या वळणांचा तोटा धरून, पहिल्या आकड्यात बसायला हवा आणि टाकीचं पाणी तासाला निदान दोनदा त्यातून जायला हवं. दोन्ही एकत्र जमत नसेल तर यंत्र लहान आहे. क्वार्ट्झ स्लीव्हवर पांढरा थर चढला की प्रकाश बाहेरच येत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी तो व्हिनेगरने पुसा. बल्ब जळत असला तरी ९ ते १२ महिन्यांत त्याची मारकशक्ती उतरते, तेव्हा बदला. बाटलीतले जिवाणू टाकीत घालाल तेव्हा एक-दोन दिवस यूव्ही बंद, आणि दिवा लावण्याआधी नळीत पाणी वाहतंय याची खात्री.

हिरव्या पाण्यावरही हाच इलाज, सोबत तीन दिवस दिवे बंद. पण शैवाल मेलं की त्यातलं नायट्रेट-फॉस्फेट पाण्यात परत येतं, म्हणून नंतर २० ते २५ टक्के पाणी बदला. वाळूवर किंवा काचेवर तपकिरी पापुद्रा असेल आणि पाणी स्वच्छ असेल तर ते डायटम (तपकिरी सूक्ष्म शैवाल), त्यांच्यासाठी यूव्ही विकत घेऊ नका.

फक्त जिवाणूंच्या एका उद्रेकासाठी यूव्ही घेणं महाग पडतं. पुढे मासे भरपूर ठेवायचे असतील तर तो तसाही कामाला येईल. तसं नसेल तर वाट पाहा.

चारांपैकी एकही चालत नाही तेव्हा

कार्बोनेटचा साका हा त्यातला मुख्य. मीठ नेहमी पाण्यात घालावं, मिठावर पाणी कधीही ओतू नये, कारण तळाच्या दाट द्रावणात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पांढरे होतात, आणि ते परत विरघळत नाहीत. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ, थोडं थोडं, पंप चालू ठेवून. हीटर मीठ विरघळल्यावर लावा. जास्त अल्कलिनिटीची काही मिठं बादलीत दिवसभर गरम करत ठेवली तरी साका धरतात, तेव्हा डब्यावर लिहिलेली वेळ पाळा. कॅल्शियम आणि बफर (अल्कलिनिटी वाढवणारं रसायन) एकाच जागी, एकापाठोपाठ घातले, किंवा कालकवासर (चुन्याचं पाणी) जास्त पडलं, तरी हेच घडतं. मॅग्नेशियम १२५० पीपीएमच्या खाली असेल तर साका आणखी लवकर पडतो. उपाय: सगळं डोसिंग थांबवा, साका बसू द्या, फ्लॉस बदला, हीटर आणि पंपाचे इम्पेलर व्हिनेगरमध्ये भिजवून साफ करा, दोन दिवसांनी अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम मोजून मगच हळूहळू वर आणा. इथे क्लॅरिफायर पाणी स्वच्छ दाखवेल, पण घसरलेली अल्कलिनिटी तशीच राहील.

पाण्यात लालसर तपकिरी भुकटी दिसली आणि नुकतंच जीएफओ (फॉस्फेट धरणारे लोह-ऑक्साइडचे दाणे) बसवलं असेल तर ते नीट धुतलेलं नाही. रिॲक्टरचं पहिलं पाणी बादलीत सोडा, स्वच्छ आल्यावरच टाकीला जोडा. जीएफओ बसवलेलं नाही आणि एखाद्या खडकाखालून किंवा काचेच्या एका कोपऱ्यातून तपकिरी ओघळ उतरताना दिसतोय, तर गंज शोधा. वेव्हमेकरच्या किंवा काच पुसायच्या चुंबकाचं प्लास्टिक तडकलेलं असतं, पाइपाच्या क्लॅम्पचा स्क्रू पाण्यात बुडालेला असतो, नाहीतर वाळूतच लोखंडाचा तुकडा आलेला असतो. प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेलं दुसरं चुंबक वाळूवरून फिरवून पाहा. ती वस्तू त्याच दिवशी बाहेर काढा, २५ टक्के पाणी बदला आणि आठवड्याने पुन्हा तेवढंच.